कुंडींतील हिवाळा

तुळशीचें लग्न लागलें, आकाशकंदील माळ्यावर गेले आणि पंचगंगेच्या कांठचें धुकें सकाळीं उशिरांपर्यंत रेंगाळूं लागलें, म्हणजे कोल्हापुरांतील घरोघरच्या गच्च्यांवर आणि परसांत एक नेहमींचें दृश्य दिसूं लागतें. चार महिने पावसांत हिरवींगार असलेलीं कुंड्यांतील झाडें एकाएकीं मलूल होतात. मोगऱ्याचीं पानें पिवळीं पडतात, जास्वंदीच्या कळ्या न उमलतांच गळतात, आणि जिच्या मांडवाचा ऊंस अजून शेजारीं उभा आहे ती वृंदावनांतील तुळस काडीकाडी होऊं लागते. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "थंडी बाधली." मग झाडांचें पाणी वाढतें, सकाळचें होतेंच, त्यांत सायंकाळच्या पाण्याची भर पडते. पौष सरतां सरतां निम्म्या कुंड्या रिकाम्या होऊन जिन्याखालीं जातात.

थंडी बाधल्याचें हें निदान एकदां तपासून पाहण्यासारखें आहे. कोल्हापूर शहर उत्तर अक्षांश १६ अंश ४२ कलांच्या आसपास, समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर वसलेलें आहे. डिसेंबर-जानेवारींत येथें रात्रीचा पारा बहुधा १४-१५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, एखाद्या कडक रात्रीं त्याहून चार-पांच अंश खालीं जातो. दिवसा मात्र ऊन चांगलें तापतें. दंव पडतें, पण तें गोठत नाहीं. गोठलेलें दंव पाहावयाचें तर महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं जावें लागतें. तेथें कांहीं हिवाळ्यांत पहांटे गवतावर हिमकणांचा पांढरा थर जमतो आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें झळकतात. आपल्याकडे तसें कांहीं होत नाहीं. मोगरा, जास्वंद, शेवंती, गुलाब, अनंत, अबोली हीं एकदां लावलीं म्हणजे वर्षानुवर्षें टिकणारीं झाडें आहेत, आणि त्यांतील एकहि कोल्हापुरच्या थंडीनें जीव टाकणारें नाहीं. मग दरवर्षीं तीं मरतात कशानें?

हा प्रश्न चार फुलांपुरता असता तर एवढें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. पण अंगणांतील तुळस वाळली कीं घरांत कुजबूज सुरू होते, आणि तिचा रोख बहुतकरून घरांत नुकत्याच आलेल्या मुलीकडे असतो. शिकल्यासवरल्या कुटुंबांतहि हें घडतें. उघड कोणी बोलत नाहीं इतकेंच. तेव्हां झाड कशानें वाळलें ह्याचा छडा लावणें हें बागेइतकेंच घराच्याहि हिताचें आहे.

ज्या देशांत हिवाळा खरोखरच झाडांचा जीव घेतो, तेथील एक अनुभव येथें उपयोगी पडेल. उत्तर अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं शेवंतीचे कांहीं कणखर वाण बर्फाखालीं जमिनींत सुखरूप राहतात व वसंतांत पुन्हां फुटतात. तीच शेवंती त्याच अंगणांत कुंडींत ठेवली तर बहुधा मरते. कारण असें कीं, जमीन थंड होते ती वरून. खोल पोटांत ऊब शिल्लक असते. कुंडीला मात्र चारहि बाजूंनीं थंडी लागते. शिवाय झाडाच्या खोडाला जेवढी थंडी सोसते तेवढी मुळांना सोसत नाहीं. पाण्याचें बर्फ झालें म्हणजे त्याचें आकारमान शेंकडा ९ नें वाढतें, त्यामुळें ओल्या मातीची कुंडीहि तडकून जाते. तिकडील बागकाम करणारे म्हणून कुंड्या कांठापर्यंत जमिनींत पुरतात, त्यांवर पेंढा पसरतात, आणि कुंडीसाठीं झाड निवडतांना आपल्या भागाहून दोन पायऱ्या अधिक थंड प्रदेशांत टिकणारें निवडावें असा संकेत पाळतात. ह्या पायऱ्यांचा नकाशा अमेरिकेच्या शेतकी खात्यानें प्रथम १९६० सालीं काढला व अगदी अलीकडे २०२३ सालीं नव्यानें सुधारला. टोरांटो-शिकागोकडे संसार थाटलेल्या आपल्या लेकीसुना ह्याच न्यायानें तुळशीची कुंडी थंडी पडण्यापूर्वीं घरांत घेतात आणि वसंत येईपर्यंत दक्षिणेकडील खिडकींत जपतात.

आपल्याला पेंढाहि नको आणि पोतेंहि नको. पण त्या अनुभवाचें मर्म आपल्यालाहि लागू आहे. जमिनींतील झाड गांवच्या हवेंत राहतें. कुंडींतील झाड कुंडीच्या हवेंत राहतें. कोल्हापुरचा हिवाळा सौम्य आहे म्हणून कुंडींतील हिवाळा सौम्य असतोच असें नाहीं.

हें कसें होतें तें मातीच्या माठावरून ध्यानांत येईल. माठाच्या अंगांतून पाणी पाझरतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत तें उडून जातें, आणि जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. उन्हाळ्यांत ज्या गुणाचें आपण कौतुक करतों तोच गुण भाजलेल्या मातीच्या कुंडींतहि आहे. हिवाळ्यांत हवा कोरडी असते. सायंकाळीं कुंडी भिजवून ठेवली कीं ती रात्रभर माठासारखी गार होत राहते. गार मातींत मुळें मंदावतात. झाडाची वाढहि ह्या दिवसांत मंद असते, त्यामुळें त्याला पाणी लागतें थोडें. घातलेलें पाणी मातींत तसेंच साचून राहतें, मातीच्या कणांमधील हवा निघून जाते, आणि मुळें गुदमरून कुजूं लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढतां येत नाहीं. मग पाण्यांत उभें असलेलें झाड तहानलेल्या झाडासारखें मान टाकतें. येथेंच मोठा घोटाळा होतो. तहानलेलें झाड आणि बुडणारें झाड ह्यांची मुद्रा सारखीच दिसते. पाहणाऱ्याच्या पोटांत कालवतें आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

खूण पटविण्याचे दोन उपाय आहेत आणि त्यांना कांहीं खर्च नाहीं. पहिला, तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातींत खुपसावी. तेथें ओल लागली तर त्या दिवशीं पाणी घालूं नये, मग वरची माती कितीहि भुरभुरीत दिसो. दुसरा उपाय आमच्या जुन्या माळ्यांचा: मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेरानें टिचकी मारावी. आंत कोरडें असेल तर खणखणीत नाद येतो, ओल असेल तर बद्द आवाज येतो. प्लॅस्टिकच्या कुंडीला हा नाद नाहीं, आणि तिच्या अंगांतून पाणी उडूनहि जात नाहीं. म्हणून तिच्या बाबतींत बोटावरच विश्वास ठेवावा. बारा इंची मातीच्या कुंडीला मार्गशीर्ष-पौषांत दोन-तीन दिवसांआड पाणी पुष्कळ होतें असा माझा अनुभव आहे, प्लॅस्टिकच्या कुंडीला त्याहूनहि उशिरां. पाणी ऊन वर आल्यावर, सकाळीं, तळाच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत एकदांच भरपूर द्यावें. रोज घोटघोट पाजूं नये. कुंडी फरशीवर सपाट टेकलेली असेल तर तें भोंक फरशीनेंच बंद होतें. तीन विटांचे तुकडे खालीं सरकवले कीं काम झालें. शोभेकरितां खालीं ठेवलेल्या ताटल्यांत पाणी साचूं देऊं नये, हें तर डासांच्या भीतीनें आतां सर्वांसच ठाऊक आहे.

एकत्र कुटुंबांत ह्या बाबतींत एक विशेष अडचण असते, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या घरांत आठ माणसें त्या घरांत पाणी घालणारेहि आठ. आजोबा फेरफटका मारून येतात व झारी उचलतात; काकू कपडे वाळत घालतांना उरलेली बादली रिती करतात; मुलें तर खेळ म्हणूनच पाणी ओततात. प्रत्येकाची समजूत अशी कीं, आपल्यावांचून झाडांकडे कोणी पाहत नाहीं. कुंड्यांचें पाणी एकाच माणसाच्या हातीं सोंपवावें. घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलाला वा मुलीला हें काम आणि टिचकीची ती युक्ति शिकवली तर मोठ्यांहून तींच तें अधिक नेमानें करतात.

आतां तुळशीकडे वळूं. वृंदावन म्हणजे आपल्या घरांतील सर्वांत जुनी कुंडी होय, आणि पुष्कळदां सर्वांत वाईटहि. पूर्वींचीं दगडी वृंदावनें परसांत उघड्या जमिनीवर बांधलेलीं असत; वरून कितीहि पाणी पडलें तरी तें खालीं मुरे, आणि तुळशीचें मूळहि वृंदावन ओलांडून जमिनींत उतरे. पुढें अंगणांत फरशी आली, सिमेंटचा गिलावा आला, आणि कित्येक वृंदावनांचा तळ कायमचा बुजला. सदनिकांतून राहणाऱ्यांकडे तर तयार वृंदावनें येतात. त्यांतील कित्येकांना तळाशीं भोंकच नसतें, कारण गॅलरींत गळूं नये अशी सर्वांची इच्छा. अशा बंद पात्रांत घरांतील प्रत्येक माणूस स्नान करून एकएक तांब्या पाणी घालतो. आठ माणसें, अर्ध्या लिटरचा तांब्या. म्हणजे रोजचें चार लिटर पाणी फूटभर रुंदीच्या मातींत. वैशाखांत तुळस तें कसेंबसें पचविते. पौषांत तें पचविणें तिला शक्य नाहीं. त्यावर हळदीकुंकू, अक्षता, नैवेद्याच्या दुधाचे थेंब, ह्यांचा थर मातीवर बसतो तो निराळाच.

दुसरें कारण तुळशीच्या स्वभावांतच आहे. तुळस हें वडापिंपळासारखें दीर्घायुषी झाड नव्हे. फार तर चार-दोन वर्षें जोमानें जगणारें तें एक लहान झुडूप आहे. पाऊस सरतां सरतां तिला भरपूर मंजिऱ्या येतात. त्या तशाच ठेवल्या तर झाडाचें सारें बळ बीं धरण्याकडे लागतें, खालचीं पानें झडतात, खोड लाकडासारखें कठीण होतें, आणि बीं पिकलें कीं झाडाला पुढें जगण्याची घाई उरत नाहीं. हें सर्व नेमकें कार्तिकाच्या पुढेंमागें घडतें. म्हणून लग्न झाल्यावर तुळस सुकते अशी समजूत रूढ झाली. मंजिरी कोंवळी असतांनाच, बीं धरण्यापूर्वीं, खालच्या दोन पानांसकट खुडली तर त्या जागीं दोन नवे फुटवे येतात आणि झाड हिवाळा काढतें. ह्यांत धर्माच्या विरुद्ध कांहीं नाहीं. मंजिरी विष्णूला प्रिय आहे, ती खुडावयाची ती त्याच्याच पूजेसाठीं. द्वादशीस व कित्येक घरीं रविवारीं तुळस तोडीत नाहींत, सायंकाळींहि तिला हात लावीत नाहींत. हे निषेध पाळूनहि आठवड्यांतून दोन सकाळी ह्या कामाला सहज मिळतात. एखाददुसरी मंजिरी मात्र बियांकरितां पिकूं द्यावी, आणि ज्येष्ठांत बीं पेरून तिची एक पाठराखीण निराळ्या लहान कुंडींत नेहमीं तयार ठेवावी.

माझ्या पाहण्यांतील एका घरची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. मंगळवार पेठेंतील जुना वाडा. घरांत चुलते-पुतणे मिळून अकरा माणसें. थोरल्या पुतण्याचें लग्न झालें त्या वर्षापासून लागोपाठ तीन हिवाळे तुळस वाळली. नवी सून शाळेंत शिक्षिका, नेमानें तुळशीला पाणी घालणारी. तिसऱ्या वर्षीं हळदीकुंकवाला आलेल्या एका नातलग बाई सहज म्हणून गेल्या, "आमच्याकडे चाळीस वर्षें एकच वृंदावन, कधीं पान गळलें नाहीं." एवढ्यानें काम झालें. त्या मुलीनें त्या दिवसापासून अंगणांत जाणेंच कमी केलें. घरच्या आजी त्या वेळीं ऐंशीच्या पुढच्या. त्यांनीं चार दिवस हें पाहिलें आणि एका सकाळीं नातवाला पहार आणावयास सांगितली. सून लगबगीनें पुढें झाली तशी म्हणाल्या, "सूनबाई, तूं बाजूला उभी राहा. आधीं ह्या वृंदावनाच्या पोटांत काय आहे तें पाहूं दे सगळ्यांना." पोटांत काळा, आंबूस वासाचा चिखल निघाला. त्यांत बोटभर लांबीच्या कुजक्या मुळ्या, सुपाऱ्या, अक्षतांचे गोळे. तळ पाहिला तर गिलावा केलेला. अंगणांत फरशी बसविली त्याच वेळचा, म्हणजे लग्नाच्याच वर्षाचा. लग्नघर म्हणून अंगण सजविलें होतें, आणि तुळशीच्या मुळाची वाट तेव्हांच बुजली होती. आजींनीं तळाला दोन भोंकें पाडून घेतलीं, खापऱ्यांचा थर घातला, नवी माती भरली, आणि घरांत नियम केला: पूजेचें पाणी प्रत्येकानें पळीभर घालावें, तहानेचें पाणी सुनेनें बोट लावून पाहून घालावें. पुढच्या पौषांत तुळस उभी होती. मागच्या तीन वर्षांचा विषय त्या घरांत पुन्हां कोणी काढला नाहीं.

पाण्याखालोखाल विचार करावयाचा तो उन्हाचा. उन्हाळ्यांत जेथें कुंडी ठेविली तीच जागा हिवाळ्यांत योग्य असेलच असें नाहीं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत सूर्य कोल्हापुरच्या अगदी डोक्यावरून जातो. डिसेंबरच्या अखेरीस तोच भर दुपारींहि दक्षिणेकडे कलून, क्षितिजापासून सुमारें ५० अंशांवरच राहतो. दहा फूट उंच भिंतीची सांवली त्या दिवसांत ऐन बाराच्या सुमारासहि आठ फुटांहून लांब पडते. घराच्या उत्तरेस ठेवलेल्या कुंड्या मग तीन-तीन महिने सांवलींत राहतात आणि त्यांतील ओल हटत नाहीं. सूर्याचें हें सरकणें कोल्हापूरकरांना निराळें समजावून सांगावयास नको. श्रीमहालक्ष्मीच्या मंदिरांत नोव्हेंबरच्या ९, १० व ११ आणि पुन्हां ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी ह्या दिवसांच्या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यांत देवीपर्यंत पोहोंचतात. ह्या दोन किरणोत्सवांच्या मधल्या काळांत सूर्य त्याहूनहि दक्षिणेस मावळतो. तेव्हां पहिला किरणोत्सव हा कुंड्या दक्षिणेच्या व पूर्वेच्या उघड्या बाजूस हलविण्याचा मुहूर्त समजावा, आणि दुसरा किरणोत्सव त्या पुन्हां आडोशाला आणण्याचा. किरणांच्या वाटेंत उंच इमारती येऊं लागल्याची तक्रार मंदिराच्या बाबतींत नेहमीं ऐकूं येते. आपल्या गच्चीवरहि शेजारच्या नव्या मजल्यानें तोच अडथळा केलेला असतो, फक्त तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

हिवाळ्यांत खरी मानकरी शेवंती. बाकीचीं झाडें पेंगत असतांना ती जागी होते, आणि तिच्या जागें होण्याचें कारण थंडी नसून मुख्यतः रात्रीची लांबी आहे. अमेरिकेंतील गॅर्नर व अॅलार्ड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू व सोयाबीन ह्यांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक वनस्पतींचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. शेवंती त्याच वर्गांतील. कोल्हापुरांत सर्वांत मोठा दिवस सुमारें १३ तासांचा आणि सर्वांत लहान सुमारें ११ तासांचा. दोनच तासांचा हा फरक, पण शेवंतीला तो बरोबर कळतो. आश्विनापासून रात्री लांबूं लागल्या कीं ती पानें काढणें थांबवून कळ्या धरते. आणि म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट अलीकडे अनुभवास येते: गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर रस्त्यावरील प्रखर दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, तेथील शेवंती नुसतीच पालवते, फुलत नाहीं. खत बदलतात, माती बदलतात, रोपवाल्याला बोल लावतात. तिला हवा असतो तो अंधार. ती कुंडी उचलून भिंतीच्या काळोख्या बाजूस, पण दिवसा ऊन लागेल अशी, भाद्रपदांतच ठेवावी.

शेवंतीचे शेंडे खुडून झाड भरगच्च करावयाचें तें काम ऑगस्टअखेर संपवावें. त्यानंतर खुडल्यास कळ्याच जातात. फुलांच्या दिवसांत तिला इतर झाडांहून अधिक पाणी लागतें, पण तें मुळाशीं द्यावें, पानांवर शिंपडूं नये. कोंवळ्या देठांवर काळा मावा चढतो. साबणाच्या पातळ पाण्यानें दोन-तीन सकाळी धुतला कीं जातो. फुलें ओसरलीं म्हणजे मात्र बहुतेक घरीं मोठी हयगय होते. वाळलेलें झाड पाहून तें मेलें असें समजून कुंडी ओततात. शेवंतीचें वरचें खोड मरतें, मूळ जिवंत असतें. जमिनीपासून तीन-चार इंचांवर खोड छाटून कुंडी तशीच ठेवावी, पाणी बेतानें द्यावें. दोन-तीन आठवड्यांत बुंध्याभोंवतीं हिरवे मुनवे डोकावूं लागतात. एका कुंडींतून असे आठ-दहा सहज मिळतात, आणि पुढच्या वर्षाची शेवंती विकत घेण्याचें कारण राहत नाहीं.

मोगऱ्याचें ह्याच्या अगदी उलट. त्याला हिवाळ्यांत झोंपूं द्यावें. पानें पिवळीं पडून गळतात हा रोग नव्हे, ती त्याची विश्रांति आहे. मार्गशीर्षांत पाणी हळूहळू कमी करीत न्यावें. जमिनींतील मोगऱ्याचें पाणी माळी कांहीं आठवडे अजिबात तोडतात. कुंडींतील मोगऱ्याला मात्र माती ठणठणीत कोरडी पडण्याआधीं थोडें ओलावूं द्यावें. डिसेंबर-जानेवारींत फांद्या निम्म्यावर छाटाव्या, कारण फूल येतें तें नव्या फुटीवर. मग माघांत वरची दोन बोटें माती उकरून कुजलेलें शेणखत घालावें आणि पाणी वाढवावें. ज्यांनीं ही झोंप मोडली, त्यांच्या मोगऱ्याला चैत्रांत पानें भरपूर येतात आणि गजऱ्याला फुलें मिळत नाहींत.

गुलाबाबद्दल थोडक्यांत. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरांत छाटणी केली असेल तर त्यापासून ४५ ते ५० दिवसांनीं पहिला बहर येतो. डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनांत जे टवटवीत गुलाब पाहून आपण सुस्कारा टाकतों त्यांचें रहस्य बव्हंशीं ह्या हिशोबांत असतें. रात्रीं गारवा व दिवसा कोरडें ऊन अशा हवेंत गुलाबावर पांढरी भुरी येते. झाडें दाटीनें ठेवूं नयेत, वारा खेळूं द्यावा. निशिगंधाचे कंद मातींत निजलेले असतात, त्यांना छेडूं नये. जास्वंद आणि अबोली हिवाळाभर थोडींथोडीं फुलत राहतात, त्यांची विशेष चिंता नाहीं. अनंत तेवढा हट्टी आहे. त्याची कुंडी ऐन थंडींत इकडची तिकडे केली कीं तो कळ्या टाकतो, म्हणून त्याची जागा दिवाळीपूर्वींच ठरवावी.

मातीविषयीं आपल्या भागापुरतें सांगावयाचें तें असें. पंचगंगेच्या खोऱ्यांतील काळी माती ऊंसाला सोन्यासारखी, पण कुंडींत नुसती ती भरली तर ओली असतां चिकट आणि वाळली कीं भेगाळते. भेगांतून पाणी सरळ खालीं निघून जातें व मूळ कोरडेंच राहतें. पन्हाळ्याकडील जांभ्याची तांबडी माती, जाड वाळू आणि जुनें शेणखत तींत मिसळल्यावांचून ती कुंडींत घालूं नये. गुऱ्हाळांच्या ह्या दिवसांत ऊंसाचें पाचट मुबलक मिळतें. त्याचा बारीक तुकडे केलेला दोन बोटें जाडीचा थर मातीवर पसरला तर दुपारच्या उन्हानें वरची माती तापत नाहीं, ओल सारखी राहते, आणि पावसाळ्यापर्यंत त्याचेंच खत होतें. खोडाच्या अंगास मात्र तें भिडूं देऊं नये, अंगठाभर मोकळी जागा सोडावी. आणि बोटानें ओल पाहतांना थर बाजूस सारून पाहावी.

शेवंतीचे मुनवे जेव्हां हातीं येतात तेव्हांच संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचीं हळदीकुंकवें चालूं असतात, हा योग साधण्यासारखा आहे. दरवर्षीं वाण म्हणून काय लुटावें ही विवंचना सर्व घरीं असते. प्लॅस्टिकच्या डब्या आणि कंगवे एव्हांना सर्वांकडे पुरेसे झाले आहेत. त्याऐवजीं मुळासकट सोडविलेला शेवंतीचा एकएक मुनवा, किंवा तुळशीच्या पाठराखिणीचें लहान रोप, द्यावें. त्याला कुंडी निराळी विकत आणावयास नको. संक्रांतीला पुजलेलीं सुगडें पूजेनंतर कोनाड्यांत पडून असतात; तींच घ्यावीं. रात्रभर पाण्यांत भिजत ठेवून, सकाळीं पालथीं घालून, तळाच्या मध्यावर जाड खिळा टेंकवून हलक्या हातानें फिरवीत राहिलें कीं भोंक पडतें. हातोडी मारूं नये, सुगड फुटतें. आंत खापरीचा एक तुकडा, वर तांबडी माती व वाळू, मधोमध मुनवा. आठ दिवस सकाळचें ऊन आणि दुपारची सांवली मिळेल अशा ओट्यावर ठेवावीं. मूळ धरलें कीं नाहीं हें मुनव्याच्या शेंड्याला नवें पान आलें म्हणजे कळतें. तोंवर त्याला ओढून पाहूं नये, आणि पाणी पळीभरच घालावें.